कोकणाला ढाल करू नका

नवी मुंबईतल्या सीवूड्समध्ये कुणी ग्रीसच्या बेटावर सुट्टी घालवायचं ठरवलं की आठवड्याभरात त्याच्यावर तीन आरोप होतात. पहिला, ही सगळी फोटोंसाठीची हौस. दुसरा, घरचं कोकण टाकून तिकडे काय ठेवलंय? तिसरा, एवढा पैसा परदेशात ओतण्यापेक्षा इथेच खर्च केला तर इथल्या चार घरांचं भलं होईल. पाम बीच रोडला सकाळी चालायला येणाऱ्यांच्या गप्पांत आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे आरोप इतक्या सहज होतात की ज्याच्यावर होतात तो गृहस्थ ओशाळतो आणि ‘मुलांचा हट्ट हो’ म्हणून सुटका करून घेतो. ओशाळायचं काही कारण नाही. तिन्ही आरोप तपासले तर टिकत नाहीत. आणि दुसरा, कोकणाच्या नावाने होणारा, तर खुद्द कोकणावरच अन्याय करणारा आहे.

देखाव्याचा आरोप अर्धा खरा आहे, म्हणून आधी तोच घेऊ. सँटोरिनीच्या इया गावात सूर्यास्ताला जी गर्दी उसळते, तिच्यातल्या निम्म्यांची पाठ सूर्याकडे आणि तोंड मोबाइलकडे असतं. पंधरा-सोळा हजार वस्तीच्या या बेटावर २०२३ मध्ये सुमारे ३४ लाख पर्यटक येऊन गेले. क्रूझ जहाजांतून एका दिवसात उतरणारे प्रवासी आठ हजारांवर रोखायची वेळ तिथल्या प्रशासनावर आली. २१ जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला जहाजाने उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशाला ऐन हंगामात २० युरो कर भरावा लागतो; इतर बेटांवर तो ५ युरो आहे. हॉटेलातल्या खोलीवरही रात्रीगणिक हवामान शुल्क आहे, पंचतारांकित असेल तर हंगामात १५ युरो. ग्रीक सरकार स्वतःच सांगतंय की या दोन बेटांवर आता जरा कमी या.

पण यातून सिद्ध होतं ते एवढंच, की सँटोरिनीला गर्दी आहे. ग्रीसमध्ये वस्ती असलेली बेटं दोनशेच्या वर आहेत. त्यांतल्या दोन बेटांवरची झुंबड पाहून बाकीच्यांना नाकारणं म्हणजे मे महिन्यातला महाबळेश्वरचा बाजार पाहून अख्खा सह्याद्री टाकाऊ ठरवणं. राहिली हौस. परदेश पाहून येण्याची आणि त्याबद्दल चार लोकांना सांगण्याची हौस मराठी माणसाला आज लागलेली नाही. पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ मराठी घराघरांत वाचली गेली. मीना प्रभूंनी तर ग्रीसवरच ‘ग्रीकांजली’ हे आख्खं पुस्तक लिहिलं. ज्यांच्या कपाटात ही पुस्तकं मानाने उभी आहेत, त्यांना लेखकाचा प्रवास म्हणजे संस्कृती आणि शेजाऱ्याचा प्रवास म्हणजे थाट वाटावा, ही मोठी गंमत आहे.

‘पण ग्रीसशी आपला संबंध काय?’ हा देखाव्याच्या आरोपाचाच उपप्रश्न. निदान सीवूड्समध्ये तरी तो कुणी विचारू नये. करावे गावाला लागून ‘टी. एस. चाणक्य’ आहे. १९२७ मध्ये ‘डफरिन’ जहाजावर सुरू झालेलं, पुढे ‘राजेंद्र’वर गेलेलं आणि १९९३ पासून इथे जमिनीवर स्थिरावलेलं हे नौप्रशिक्षण. त्याच्या कवायतीच्या मैदानावरून बाहेर पडलेली मुलं जगभरच्या जहाजांवर जातात, आणि जगातल्या व्यापारी जहाजांच्या वहनक्षमतेचा सुमारे सहावा हिस्सा ग्रीक मालकांच्या हाती आहे. सीवूड्स-नेरूळच्या कितीतरी घरांत पिरेअस हे अथेन्सच्या बंदराचं नाव अ‍ॅक्रोपोलिसच्या आधी पोचलेलं असतं, पगाराच्या कागदावरून. त्याहून मागे जायचं तर कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या यवनांनी (तेव्हा ग्रीकांना यवन म्हणत) दिलेल्या दानाचे शिलालेख आहेत, आणि पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पोथीत आपल्या कल्याण आणि चौल बंदरांची नोंद आहे. ते लोक व्यापारासाठी आले, आपण सुट्टीसाठी जातो. संबंध नाही असं म्हणता येणार नाही.

आता मुख्य आरोप: ‘आपलं कोकण काय वाईट आहे?’

काहीच वाईट नाही. आंजर्ल्याची पुळण, विजयदुर्गाखालचं निळं पाणी, मालवणातलं दुपारचं जेवण यांना ग्रीसमध्ये पर्याय नाही, आणि ग्रीसला जाणारा कुणी तसं म्हणतही नाही. प्रश्न असा आहे की कोकणाचं नाव घेणारा माणूस कोकणासाठी काय करतो? बहुतेकदा तो एवढंच करतो: दुसऱ्याचा बेत हाणून पाडायचा असला की कोकण बाहेर काढतो, काम झालं की पुन्हा आत ठेवून देतो. त्याला विचारा, सीवूड्सहून कोकणात जायचं कसं? मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. दर गणपतीच्या तोंडावर मंत्री पाहणी करतात, नवी तारीख देतात, आणि वडखळ ते माणगाव या पट्ट्यात चाकरमान्यांची रात्र गाडीतच जाते. हे वर्षानुवर्षं चाललं आहे आणि कोकणप्रेमाने त्यात काही फरक पाडलेला नाही.

आणि रस्ता हा एकच मार्ग कधीच नव्हता. मागच्या पिढ्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसून गावाला जायच्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत बोट जायची. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या पडावातून किनाऱ्याला लागत. धोका नव्हता असं नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. तरी किनाऱ्यावरच्या बोटी पुढे कित्येक वर्षं चालत राहिल्या. मग रस्ते झाले, एसटी गावोगाव पोचली, बोटी एकेक करून थांबल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. समुद्राने गावाला जाता येतं हे आपण विसरलो, आणि विसरल्याची खंतही कुणी केली नाही.

‘रामदास’सारखी दुर्घटना ग्रीसलाही पाहावी लागली. २६ सप्टेंबर २००० ला पारोस बेटाजवळ ‘एक्सप्रेस सामिना’ खडकावर आपटून बुडाली आणि ऐंशीच्या वर माणसं मेली. देश हादरला, जुन्या जहाजांवरचे नियम कडक झाले, पण बोटी थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर बेटं ओस पडली असती. आजही पिरेअसच्या धक्क्यावर पहाटे उभं राहिलं तर ट्रक, शाळेची मुलं, शेळ्यांचं खाद्य, औषधांची खोकी आणि पाठीवर पिशव्या लावलेले पर्यटक एकाच बोटीत शिरताना दिसतात. ती बोट पर्यटकांसाठी सुटत नाही. ती तिथली एसटी आहे, आणि पर्यटकाला तिच्यात जागा मिळते.

या बोटींची खरी करामत मोठ्या बेटांवर दिसत नाही. नाक्सोस आणि आमोर्गोस यांच्या आसपास इराक्लिया, स्किनूसा, कूफोनिसी, दोनूसा ही चिमुकली बेटं आहेत. प्रत्येकावर वस्ती काहीशे माणसांची, कुठे त्याहूनही कमी. ‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ नावाची एक छोटी बोट त्यांना नाक्सोसशी जोडते, हिवाळ्यातसुद्धा, वारा फारच माजला नाही तर. एवढ्याशा वस्तीवर कोणत्याही मालकाला धंदा होणार नाही. म्हणून अशा तोट्यातल्या मार्गांना ग्रीक सरकार अनुदान देतं. शिवाय २०१८ पासून तिथे एक योजना आहे: समुद्राने जाण्याचा खर्च तेवढ्याच अंतराच्या जमिनीवरच्या प्रवासाहून जास्त आला, तर फरकाची रक्कम बेटकऱ्याला परत मिळते. बेटावर जन्मलेल्या माणसाला समुद्र आडवा आला म्हणून दंड पडू नये, हे तिथे धोरण म्हणून मान्य झालेलं आहे.

आता सीवूड्सच्या खिडकीतून खाली पाहा. समोर खाडी आहे. पलीकडे घारापुरी आहे, जागतिक वारसा लाभलेलं बेट, जिथे समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोचली ती २०१८ मध्ये. शेजारी नेरूळला सिडकोने शंभर कोटींहून अधिक खर्चून प्रवासी जलवाहतुकीची जेट्टी बांधली, आणि बांधून झाल्यावर ती दीर्घकाळ प्रवाशांची वाट पाहत राहिली. बेलापूरच्या जेट्टीचं उद्घाटन फेब्रुवारी २०२२ मध्ये झालं. वॉटर टॅक्सीचे फोटो छापून आले, सेवा काही टिकली नाही. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या साध्या लाँची पावसाळ्यात बंद असतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट निघते म्हणून निदान गाडीसकट तासाभरात पलीकडे जाता येतं. खाली दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडला, आगरदांडा–दिघी, जयगड–तवसाळ या खाड्यांवर फेरीबोटी आहेत आणि स्थानिक माणसांनी त्या चिकाटीने चालवल्या आहेत. म्हणजे समुद्र आहे, खलाशी आहेत, बोट चालवून दाखवणारे आहेत. नाही ती मागणी. मागणी नाही, कारण बोटीवर विसंबून जगता येतं हे आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिलेलं आहे.

माझा मुद्दा इथे आहे. ग्रीसच्या बेटावर जाणं हे कोकणाकडे पाठ फिरवणं नव्हे. समुद्रकाठच्या माणसांना सरकारकडून काय मागता येतं, हे डोळ्यांनी पाहून येण्याची ती संधी आहे. जो माणूस काहीशे वस्तीच्या बेटावर ठरल्या वेळी लागलेली बोट पाहून आला, त्याला लाखोंच्या शहरातली रिकामी जेट्टी पूर्वीसारखी दिसणार नाही. जो घरीच बसून ‘आपलं कोकण’ म्हणतो, त्याला ती दिसतच नाही.

किनाऱ्याचंही तसंच. २०२३ च्या उन्हाळ्यात पारोसचे रहिवासी टॉवेल हातात घेऊन पुळणीवर उतरले. हॉटेलवाल्यांनी खुर्च्या आणि छत्र्या मांडून सार्वजनिक किनारा गिळला होता, आणि गावच्या माणसाला टॉवेल पसरायला जागा उरली नव्हती. त्या आंदोलनाला टॉवेलचंच नाव पडलं, ते बेटाबेटांवर पसरलं, आणि २०२४ मध्ये नवा कायदा आला. खुर्च्या पाण्यापासून किमान चार मीटर दूर हव्यात, आणि नियम मोडला तर कुणालाही सरकारी अ‍ॅपवरून तक्रार करता येते. सीवूड्सकरांना हे परकं वाटू नये. इथल्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी यायची वाट जेट्टीच्या रस्त्याच्या कामात बुजली, अशी तक्रार पर्यावरण कार्यकर्त्यांनी केली. २०२४ मध्ये तळं कोरडं पडलं, सैरभैर झालेले फ्लेमिंगो दगावले. रहिवाशांनी मानवी साखळ्या धरल्या, पत्रांचा पाऊस पाडला, आणि २०२५ मध्ये हे तळं संवर्धन राखीव करण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. म्हणजे लढणारी माणसं आपल्याकडेही आहेत. फक्त ती सहसा दुसऱ्याच्या सुट्टीची चौकशी करणाऱ्यांत नसतात.

तिसरा आरोप पैशाचा. तो करणाऱ्यांच्या पार्किंगमध्ये जर्मन गाडी असते, हातात कोरियन फोन असतो आणि मुलगी शिकायला अमेरिकेत असते. यातलं काहीच गैर नाही. पण मग परदेशी वस्तू आणि पदवी चालते आणि परदेशी आठ दिवस चालत नाहीत, हा हिशेब कुठल्या वहीतला? आपण जगाने भारतात यावं म्हणून जाहिराती करतो, गोव्याला परदेशी पाहुणे कमी झाले की चिंता करतो. पाहुणा फक्त एकाच दिशेने यावा, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले तेव्हा ‘बाहेरची बेटं सोडा, लक्षद्वीपला चला’ अशी लाट आली. लक्षद्वीप सुंदरच आहे. पण वस्तीची बेटं दहा, राहायच्या खोल्या मोजक्या, आणि भारतीयालाही तिथे जायला परवाना लागतो. तो लागावाच, नाजूक प्रवाळबेटांना गर्दी सोसत नाही. म्हणजे सगळ्यांनी तिकडे वळावं हा सल्ला देशप्रेमाचा असेल, लक्षद्वीपच्या हिताचा नाही.

खरे आक्षेप दोनच आहेत, आणि टीकाकार नेमके तेच घेत नाहीत. एक, विमान. मुंबई ते अथेन्स पाच हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे आणि त्या प्रवासाचा धूर आकाशातच राहतो. याला उत्तर ‘जाऊच नका’ हे असू शकतं, पण मग ते दुबईला, सिंगापूरला आणि गोव्याच्या विमानालाही लागू करावं. माझं उत्तर असं: जायचं तर क्वचित जावं आणि एका ठिकाणी मुक्काम करावा. दहा दिवसांत सात देश पायाखाली घालणाऱ्या सहलीपेक्षा एका बेटावर सहा दिवस राहणं कितीतरी शहाणपणाचं. दुसरा आक्षेप निसर्गाचा. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सँटोरिनीच्या परिसरात हजारो भूकंपाचे धक्के बसले, दहा हजारांहून अधिक माणसं बेट सोडून गेली, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ते बेट म्हणजे ज्वालामुखीचा कडा आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटात गाडलं गेलेलं अक्रोतिरी गाव तिथेच उकरून काढलेलं आहे. या गोष्टीची माहिती ठेवून जावं. सँटोरिनी टाळली तरी ग्रीस संपत नाही.

मग जायचं कसं? इथे ट्रॅव्हल कंपन्यांच्या रंगीत पत्रकांशीही माझं भांडण आहे, कारण तीही टीकाकारांसारखीच ग्रीस म्हणजे सँटोरिनी धरून चालतात. मराठी कुटुंबाचं नशीब असं की शाळेची मे महिन्याची सुट्टी तिथल्या उत्तम दिवसांशी जुळते: गर्दी अजून चढलेली नसते, डोंगर हिरवे असतात, पाणी मात्र थंडगार. पंधरा ऑगस्टची जोडून आलेली सुट्टी कटाक्षाने टाळावी. त्या दिवशी तिथे मेरीमातेचा मोठा सण असतो, अर्धा देश बेटांवर असतो, तीनोसला जत्रा भरते, आणि वर मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा बोटी अडकवून ठेवतो. दिवाळीत गेलात तर निम्मी हॉटेलं कुलूपबंद आणि बोटी विरळ.

शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधी अर्ज करता येतो, तेव्हा शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबू नये. प्रौढांना शुल्क ९० युरो, प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा, आणि जिथे सर्वाधिक रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज. इंडिगोने २०२५ मध्ये मुंबई–अथेन्स थेट विमान जाहीर केलं, त्यामुळे ग्रीस हा आडवळणाचा देश राहिलेला नाही. अथेन्समध्ये दोन दिवस, मग पिरेअसहून साध्या मोठ्या बोटीने नाक्सोस. पाच-साडेपाच तास लागतात आणि डेकवर बसता येतं. वेगवान बोटीत काचेआड कोंडून घेऊन जास्त पैसे भरण्यात मजा नाही. नाक्सोसला शेती आहे, बटाटे आणि चीज प्रसिद्ध आहे, अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा आहे, गावोगाव जाणारी बस आहे. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत: फावा, राजम्याहून मोठ्या बियांचे गिगान्तेस, रानभाज्यांचा होर्ता, टोमॅटोची भजी. तिथून दोन-तीन दिवसांसाठी त्या छोट्या बोटीने एखाद्या छोट्या बेटावर जावं. परतीच्या विमानाआधीची रात्र मात्र अथेन्सलाच काढावी. वाऱ्याने बोट रद्द झाली तर तिथे कुणाची ओळख चालत नाही, आणि चालू नये.

अशी सहल करून आलेल्या माणसाला कोकणाचा विसर पडत नाही. उलट त्याच्याकडे कोकणासाठी भांडायला मुद्दे असतात. नेरूळहून घारापुरीला रोज ठरल्या वेळी बोट का नाही? पावसाळ्यात चालू शकणारी मोठी बोट मुंबई ते मालवण का असू नये, आणि ती तोट्यात गेली तर तो तोटा एसटीच्या आडमार्गांसारखा सरकारने का सोसू नये? खाडीकाठची पाणथळ जमीन कुणाच्या इमारतीसाठी राखून ठेवली आहे? हे प्रश्न सिडकोला, महापालिकेला आणि मेरीटाईम बोर्डाला लेखी विचारता येतात, पुन्हा पुन्हा विचारता येतात, आणि डीपीएस तळ्याने दाखवून दिलं आहे की कधीकधी त्यांना उत्तरही द्यावं लागतं. ग्रीसला जाणाऱ्या शेजाऱ्याला कोकणाच्या नावाने अडवणाऱ्यांनी हीच पत्रं लिहायला घ्यावीत. ती लिहायची नसतील, तर निदान कोकणाचं नाव तरी मध्ये आणू नये.